लॉनवरचा राब

१४ एप्रिल १९९२

लागली नोटीस. कंपनी कॉलनीच्या क्लबच्या दारावर एक, दूध केंद्रावर एक, आणि शिवाय वॉचमन घरोघरी सांगत फिरला तो वेगळाच. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, बंधाऱ्यात पाणी उरलं नाही, म्हणून आजपासून लॉनला, बागेला, गाड्या धुवायला पाणी घालायचं नाही. नळ सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ येईल. पाइप लावलेला दिसला तर पहिल्यांदा लेखी समज. दुसऱ्यांदा क्वार्टर खाली!

कंपनीतून तांब्याची तार पळवणाऱ्याला मेमो मिळतो. गवताला पाणी घालणाऱ्याला मात्र घराबाहेर काढणार. वा.

माझं लॉन. लग्नापासूनची सगळी वर्षं तिसऱ्या मजल्यावर काढली, कुंडी ठेवायला कठडासुद्धा नव्हता. गेल्या दिवाळीत ह्यांना बढती मिळाली आणि हे खालचं क्वार्टर आलं. पुढे फाटक, फाटकाच्या आत हिरवं. पहिल्या दिवशी कोणी बघत नाही असं पाहून मी चपला काढून त्यावर चालले होते. पेणच्या खारेपाटातल्या मुलीला पायाखाली असं मऊ कुठलं मिळायला? आमच्याकडे पायाखाली चिखल, नाहीतर भेगा, नाहीतर मीठ. कोणाला सोन्याच्या पाटल्या हव्या असतात. मला हे हवं होतं, आणि ते हवं होतं हे मिळाल्यावर कळलं.

१५ एप्रिल

काल मामंजींना नोटीस वाचून दाखवली तर ते हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

"बरा केला कंपनीनं," म्हणाले. "गवताला दोन टायम पानी पाजतात असा मी खांबला जाऊन बोललो तर लोक मला बांधून ठेवतील."

मी म्हटलं, मामंजी, गवत नाही, लॉन आहे ते.

"हरळ हाय ती. माझा जल्म गेला ती उपटण्यात. नखां गेली. नि माझी सून तिला पोसते."

 खांबचं, त्यांच्या गावचं, शेत नव्या रेल्वेत गेलं. गेल्या हिवाळ्यात त्यावर भराव पडला तसे हे जाऊन त्यांना घेऊन आले. घर आहे तिथे, पण एकटे करणार काय? सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तर आता ते दिवसभर आमच्या पायरीवर बसतात आणि माझ्या लॉनकडे असं बघतात, की कोणीतरी आगाऊ पाहुणा बिनबोलावता येऊन बसलाय.

२२ एप्रिल

तांदूळ धुतलेलं पाणी लॉनला. भाजी धुतलेलं लॉनला. आंघोळ मी परातीत उभी राहून करते, ते पाणी लॉनला. नोटिशीत वापरलेल्या पाण्याचं काही लिहिलेलं नाही. किमयाला सांगितलंय, गुळणी करायची तर बाहेर येऊन कडेच्या गवतावर कर. ती म्हणते, आई, बाबांना पण सांग ना. बाबा ऐकतील तर!

शेजारच्या सरदेसाई वहिनी महिला मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांनी 'पाणी बचत समिती' काढली आणि मला विचारल्याशिवाय माझं नाव घातलं. काम काय? फेरी मारायची आणि कोणी पाइप लावला तर सांगायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अजून चोरी केलेली नाही, पण मन माझं मला माहीत आहे.

२९ एप्रिल

पिवळं पडायला लागलं. फाटकाकडून सुरू झालंय.

३ मे

बसवत नाही. भांडी घासता घासता मध्येच उठून बाहेर जाते, बघते, परत येते. हे म्हणाले, अगं, गवत आहे, पेशंट नाही, जरा बस. बसले. मग आतलं भांडं बाहेर आणि बाहेरचं आत असं काहीतरी करत परत बाहेर. कपडे धुतलेलं पाणी घातलं होतं तिथे साबणाने चट्टा पडलाय. स्वतःच्या हाताने केलं ते. स्वतःलाच एक द्यावीशी वाटली.

६ मे

केली चोरी.

दुपारी अवेळी नळाला पाणी आलं. कॉलनी जेवून झोपलेली. मामंजी पायरीवर पेंगत होते. मी पाइप लावला आणि तोंडावर अंगठा धरला म्हणजे आवाज नको. गवतावर पाणी पडल्यावर जो वास येतो तो आला, आणि खोटं कशाला लिहू, मला रडू आलं. तेवढ्यात फाटकाशी सरदेसाई वहिनी! अनवाणी आल्या होत्या, चप्पल वाजू नये म्हणून. बाई पण जबरीच.

"नमिता, अगं तू समितीत आहेस."

त्या गेल्या आणि सिक्युरिटीच्या राऊतांना घेऊन आल्या. तोवर मी पाइप कोपऱ्यातल्या आंब्याच्या पाल्याखाली ढकलला होता. पाइप सापडला नाही, पण लॉन ओलं होतं. ते कुठे लपवणार?

संध्याकाळी हे कंपनीतून आले ते समजपत्र घेऊनच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "हे क्वार्टर मिळायला किती वर्षं लागली, नमिता?"

मामंजी पायरीवरूनच बोलले, "चोरी करायची तर भातासाठी तरी करायची."

११ मे

उद्या माहेरी निघायचं. प्रविणचं, माझ्या धाकट्या भावाचं, लग्न. हे ड्युटीमुळे नाही येत, मी आणि किमयाच. मामंजींना सांगून ठेवलं, लॉनकडे लक्ष ठेवा. वापरलेलं पाणी तेवढं घालत जा.

"तू जा गो. मी बघतो तुझ्या लॉनचा."

इतक्या आपुलकीने म्हणाले, की मला बरं वाटलं.

१४ मे, माहेरी

हळद झाली काल. मुहूर्तापेक्षा टँकरचीच वाट जास्त पाहिली सगळ्यांनी. टँकर आला तेव्हा नवरदेवाला सोडून बायका हंडे घेऊन धावल्या, वाजंत्री वाजवत राहिले. मीही धावले, करवलीच्या साडीत. सवय गेली असली तरी हंडा कमरेला बसतोच.

आईने सगळ्यांच्यात विचारलं, "तुजे घरा गवताला पानी घालतात म्हनं?"

"आता बंद आहे, आई."

"मंग बकरी तरी पाल गो. खाल काय त्या गवताचा?"

मांडवभर हशा. माझ्या आईची, गोदूबाईची जीभ, साऱ्या खारेपाटात प्रसिद्ध. मी हसण्यावारी नेलं. लाज वाटायला हवी होती, वाटली पण. काकूने दोन हंड्यांत पन्नास माणसांचं भांडं-कुंडं आवरलं ते बघत होते मी. पण त्या लाजेत सुद्धा मनात एकच, मामंजी पाणी घालत असतील ना? माणूस किती कोडगा असतो हे स्वतःवरून कळतं.

१७ मे

काळं. सगळं काळं.

फाटक उघडलं आणि मला वाटलं आपण चुकीच्या घरी आलो. लॉनच्या जागी राख. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट, सारखी, हाताने पसरल्यासारखी. मेंदीच्या कुंपणाची एक बाजू होरपळलेली. आणि मामंजी पायरीवर, नुकतीच आंघोळ करून, धुतलेल्या सदऱ्यात.

"ये गो. राब भाजला तुझा. जरा उशीरच झाला, पन भाजला चांगला."

राब! आमच्या खाऱ्या जमिनीत नाही भाजत, पण लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात खांबला पाहिला होता. पाला, सुकं गवत, शेणी जमिनीवर पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. जमीन भाजली की त्यात भाताचं बी टाकायचं, रोप करायला. उन्हाळ्यात जमीन वाळलेली दिसली की त्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही. मी सांगितलं होतं लक्ष ठेवा. त्यांनी लक्ष ठेवलं! गवळ्याकडून शेणी आणल्या, कॉलनीभर फिरून पाला गोळा केला. कोपऱ्यातला आंब्याचा पालाही घेतला, आणि त्याच्याखालचा माझा पाइप जळून त्याची डांबरासारखी गोळी झाली.

मी काय बोलले ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते. म्हटलं, "तुमचं शेत गेलं म्हणून आता माझं पण घालवलंत! बसल्या जागी दुसऱ्याचं जाळायला बरं सुचतं!"

किमया रडायला लागली. मामंजी सदऱ्याची बाही ओढत राहिले. मग उठून मागच्या बाजूला गेले.

१८ मे

सरदेसाई वहिनींची तक्रार. धुराने त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांना वास लागला. राऊत येऊन राखेकडे बघून गेले. नियमात पाणी घालण्याबद्दल आहे, जाळण्याबद्दल नाही, त्यामुळे त्यांना काय लिहावं ते कळेना.

तक्रारीचं ह्यांना सांगितलं तर हे आधी हसले. मग माझं तोंड बघून थांबले. मग मी मामंजींना काय बोलले ते किमयाने सांगितलं, आणि हे जेवणावरून उठले.

२० मे

मामंजी बोलत नाहीत. मीही नाही. चहा ठेवते, ते पितात, कप स्वतः विसळून ठेवतात. आधी कधी विसळत नव्हते. त्या विसळलेल्या कपाचा मला राग येतो.

२५ मे

आज सकाळी मामंजींनी पिशवीतून एक फडकं काढलं. गाठ सोडली. आत भात. पटणीचं बियाणं, शेवटच्या पिकातलं असणार, कारण पुढे पीक झालंच नाही. मी खिडकीतून बघत होते. खुरप्याने राखेची जमीन हलकी केली, बी टाकलं, हाताने माती सारखी केली. चिमण्या येऊ नयेत म्हणून वर काटक्या. कोणाला विचारलं नाही. मी पण बाहेर गेले नाही. जायला हवं होतं.

मग हात-पाय धुतले, पिशवी घेतली आणि किमयाला म्हणाले, "येतो गो बाय." फाटक नीट लावून गेले.

मला वाटलं, तंबाखू आणायला गेले.

२६ मे

आले नाहीत. आज कँटीनमधल्या केरूने ह्यांना सांगितलं, गुणाजीबाबा, म्हणजे मामंजी, खांबला आहेत. केरू त्यांच्याच गावचा, रोज जाऊन-येऊन करतो. म्हणाला, एकटेच आहेत, स्वतःच भात शिजवून खातात.

हे म्हणाले, "तू बोललीस, तूच आण." एवढंच. बरोबर आहे त्यांचं, म्हणून जास्त लागलं.

२८ मे

बाहेर जाऊन त्या काळ्या वाफ्यापाशी उभी राहते. बी आत पडलंय, कोरडंठाक. आमच्याकडे बी आधी भिजवतात, मोड आणतात, मग चिखलात फेकतात. कोरडं बी मातीत टाकून कोणी निघून जातं का? ते मरेल आत. आज आंघोळीचं पाणी परातीत धरलं आणि वाफ्यापर्यंत नेलंही. राऊत रस्त्यावरून जात होते. परत आणून मोरीत ओतलं. एक समजपत्र घरात आहेच.

उद्या किंवा परवा खांबला जायचं. काय बोलायचं ते ठरत नाही.

३० मे

जाऊन आले. कोलाडला गाडी बदलावी लागली, उन्हात उभी राहून डोकं चढलं. खांबचं घर स्वच्छ होतं. मला वाटलं होतं जाळी-जळमटं असतील आणि मला त्यांची दया येण्याची सोय होईल. नाही. ओटी सारवलेली, मामंजी पडवीत दोरी वळत बसलेले. समोर पूर्वी त्यांचं शेत दिसायचं. आता लाल मातीचा उंच बांध दिसतो आणि पलीकडचं काही दिसत नाही.

"पानी घे," म्हणाले. घेतलं.

मी सरळच म्हटलं, मामंजी, माझं चुकलं. असं बोलायला नको होतं. चला घरी.

ते दोरी वळत राहिले. "बोललीस ते खोटा नव्हता. शेत गेला. तो तर गेलाच."

मग एकदम हात थांबवून म्हणाले, "तू त्याच्यावर पानी नाय ना घातलास?"

म्हटलं, घालणार होते. नोटीस आहे म्हणून घातलं नाही.

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की मी बघतच राहिले. "त्या नोटिशीचा एक तरी चांगला झाला. थेंब पाडू नको, काय? धूळवाफ हाय ती. कोरड्यात बी झोपून राहतो. तू मधीच भिजवलास तर उठेल, कोंब काढील, नि मागून पाऊस नाय आला तर करपून जाईल. एकदा उठला की परत झोपवता येत नाय. पावसानंच उठवायचा त्याला."

मी विचारलं, पण मामंजी, रोप झालं तरी लावणार कुठे? शेत कुठे आहे आता?

"रोप कराया शेत लागत नाय. ज्याचा कमी पडतो तो येऊन मागून नेतो. गुणाजीच्या घरात रोप नाय असा पावसाळा अजून गेला नाय."

म्हटलं, मग ते बघायला तरी चला.

त्यांनी वळलेली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या घरात बसून काय करू? पायरीवर बसून खातो नुसता. उगवला तर येन, माझा काय तरी तिथं हाय म्हणून येन. नाय उगवला तर तुझा गवत लाव परत, मी काय बोलनार नाय."

परतीच्या गाडीत किमयासाठी दिलेल्या करवंदांचा द्रोण मांडीवर धरून बसले होते. आता माझं सगळं त्या बियाण्यावर आहे. लॉन गेलं त्याचं दुःख कमी झालं असं नाही. पण ते बाजूला सरकून बसलं आहे.

३१ मे

चिमण्या. काठी घेऊन हाकलते. लोक बघतात. बघोत.

२ जून

नवी नोटीस. पाच जूनला पर्यावरण दिन, मुंबईहून डायरेक्टर साहेब येणार, कॉलनीतून फेरी मारणार, क्लबपुढे झाड लावणार. म्हणून फक्त तीन दिवसांसाठी बंदी उठवली आहे. कंपनीचा टँकर उद्या येऊन सगळ्यांची लॉन भिजवणार. 'कॉलनी हिरवी दिसावी अशी सर्व रहिवाशांनी दक्षता घ्यावी.'

मी नोटीस परत वाचली. महिनाभर गवत मरत होतं तेव्हा पाणी नव्हतं. आता साहेब येणार तर पाणी आहे. माझ्या डोक्यात रागाचे घण पडायला लागले आणि घरी येईपर्यंत दुसरंच लक्षात आलं. उद्या टँकर आमच्याकडेही येणार.

हे म्हणाले, सांगू आपण राऊतांना. सांगितलं. राऊत म्हणाले, सगळ्या क्वार्टरना ऑर्डर आहे.

३ जून

सकाळी टँकर आला. एक-एक घर करत. सरदेसाई वहिनींचं लॉन भिजलं तेव्हा वास माझ्या ओट्यापर्यंत आला. तोच वास. मी फाटकाला कडी घातली, साखळी गुंडाळली आणि आतून उभी राहिले.

टँकरवाला जनू म्हणाला, "ताई, फाटक उघडा."

म्हटलं, इथे पाणी नको.

त्याला वाटलं मी थट्टा करते. पाइप कुंपणावरून टाकायला लागला तेव्हा मी पाइपाचं तोंड धरून बाहेर ढकललं. साडी भिजली, वाफ्यावर थेंब पडला नाही. मी वाकून पाहिलं.

राऊत आले. "बाई, वरून ऑर्डर आहे."

म्हटलं, पाणी घातलं तेव्हाही ऑर्डरच होती, साहेब. आता घालू देत नाही तर तीही ऑर्डर. मी माणूस आहे का नळ?

गर्दी जमली. केरू चहाची किटली घेऊन कंपनीकडे चालला होता, तोही थांबला. सरदेसाई वहिनी म्हणाल्या, "नमिता, अगं पाइप लपवून पाणी घालणारी तूच ना? आता मिळतंय तर नको?"

"हो, मीच ती."

"मग झालं काय तुला?"

काय सांगणार? खाली भात झोपलंय, त्याला उठवू नका, असं सांगितलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतं.

राऊतांनी ह्यांना प्लांटमधून बोलावून आणलं. डोक्यावर हेल्मेट तसंच. फाटकाच्या बाहेर हे आणि आत मी, लग्नात मध्ये अंतरपाट असतो तसे.

"नमिता, उघड. दोन मिनिटं पाणी पडलं तर काय होतंय?"

"ते उठेल. आणि मरेल. आणि तुमचे बाबा येणार नाहीत."

"काहीतरीच."

"ते स्वतः म्हणाले मला. उगवलं तर येईन."

ह्यांनी हेल्मेट काढलं. सगळे बघत होते. राऊत हळूच म्हणाले, "साहेब, दुसरी तक्रार झाली तर मला वर पाठवावी लागेल, तुम्हाला माहीत आहे." ह्यांनी त्या काळ्या जमिनीकडे बघितलं. त्या बापाच्या मुलाने राब काय असतो हे विसरायचं म्हटलं तरी कसं विसरायचं! पण कंपनीतली इतकी वर्षंही खरीच. मला त्यांची दया आली आणि कडी मात्र मी सोडली नाही.

शेवटी ते जनूला म्हणाले, "पुढच्या घरी घे टँकर."

आत आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. पण रात्री झोपण्याआधी वाफ्यावरच्या सरकलेल्या काटक्या नीट करून आले, ते मी पाहिलं.

५ जून

झाला पर्यावरण दिन. सगळी कॉलनी ओली आणि पिवळी-हिरवी. मधोमध आमची राख. साहेबांची गाडी आमच्यापुढे हळू झाली, काच खाली आली, कोणीतरी काहीतरी सांगितलं, काच वर गेली. क्लबपुढे झाड लावलं. सरदेसाई वहिनी पाणी बचतीवर छान बोलल्या, खरंच छान बोलल्या.

भाषण चालू असताना मी आभाळाकडे बघत होते. स्वच्छ. वाऱ्याचं नाव नाही.

६ जून

पत्र आलं. महिनाअखेर क्वार्टर खाली करायचं. जुन्या ब्लॉकमध्ये तिसरा मजला रिकामा आहे, तो मिळेल. बढती राहील, क्वार्टर नाही.

हे म्हणाले, "असू दे." मी रडले. खोटं कशाला, घर जातंय ह्याचंच रडले, फाटकाचं, पायरीचं, चपला काढून चालले होते त्या सकाळचं. मग डोळे पुसून बाहेर गेले आणि चिमण्या हाकलल्या. महिनाअखेरपर्यंत पाऊस आला नाही तर हे बी दुसऱ्याच कोणाच्या दारात उगवेल. त्यांना ते काय आहे हे कळणारही नाही. ते त्यावर लॉन लावतील. आणि मामंजींना मी काय सांगू? उगवलं होतं, पण आम्ही तिथे नव्हतो?

खांबला परत जावं का? गेले तरी हातात काय घेऊन जाऊ?

७ जून

सकाळच्या गाडीने केरूबरोबर मामंजी आले. टँकरचं त्याने सांगितलं होतं त्यांना. पिशवी खुंटीला लावली आणि चहा मागितला.

वाफ्यात अजून एक कोंबही नाही.